दातांत धरलेली गाठ

शेजारच्या वस्तीवरची सखू परवा माझ्याकडे येऊन गेली. लहानपणीच्या तापात तिचा डावा हात वाळला, तो तसाच लोंबतो. तिला आता दिवस गेले आहेत. बरोबर सासू होती. सासूनं गूळपाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलणं केलं आणि सखूच्या समोरच मला विचारलं, "तुमी थोट्या हातानं पोर वाढवलं म्हंत्यात. खरं सांगा, तुमी वाढवलं का घरच्यांनी?"

सखू खाली बघत होती. तिच्याही घरी काहीतरी ठरत असणार, हे मला त्या बघण्यावरून कळलं. मी म्हणाले, "सांगीन, पर एका बैठकीत व्हायचं न्हाई."

म्हणून हे लिहून ठेवते आहे. म्हणजे सांगते मी, लिहिते माझी लेक मंजुळा. तिच्या नवऱ्यानं तिला अक्षरं शिकवली. ती माझं बोलणं धुऊन-पिळून कागदावर घालते. मी मध्येच थांबवून विचारते, असं मी म्हणाले होय? ती म्हणते, "तूच म्हणालीस, मी फक्त त्याला लुगडं नेसवलं." नेसवू दे बापडी. मला एका हातानं नेसावं लागतं, त्यापेक्षा ते सोपं आहे.

कडब्याची गंजी

घाटनांदूरच्या अलीकडे माळाला लागून आमची वस्ती. मेंढरं आणि थोडी जिराईत जमीन. मी नांदायला आले तेव्हा घरात सासू, थोरले दीर, त्यांची बायको काशीबाई आणि आमचे मालक, एवढी माणसं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. काशीबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती. नवस झाले, नारायणगडाला जाऊन आल्या, अंगारे झाले. त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा साऱ्या घराचा जीव माझ्या पोटात येऊन बसला. मला पाण्याची घागर उचलू देत नव्हते. कडबा तेवढा काढू देत होते, तो हलका म्हणून.

दिवस मावळायच्या सुमारास मी गंजीतून पेंढी ओढायला हात घातला आणि उजव्या मनगटाला काहीतरी झोंबलं. सळसळ ऐकू आली, दिसलं काहीच नाही. मी ओरडले.

आत्याबाई धावत आल्या. खुंटीला मालकांची गोफण होती. मेंढरं वळवायला ती कायम त्यांच्या कमरेला असायची, त्या दिवशी नेमकी घरी राहिली होती. आत्याबाईंनी तिचा दोर कोपराच्या वर आवळला, गुडघा लावून आवळला. म्हणाल्या, "इख पोटाकडं उतरू द्यायचं न्हाई. पोटात लेकरू हाय."

मला मारुतीच्या पारावर नेलं. तिथं कडुनिंबाचा पाला चावायला दिला. विष भिनलं असलं की पाला कडू लागत नाही, अशी आमच्याकडची परीक्षा आहे. मी चावला आणि थुंकला. म्हणाले, "कडू हाय." जमलेल्या माणसांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, "मग आता दोरी सोडा की."

आत्याबाई म्हणाल्या, "कडू कावून लागतंय? दोरीनं इख अडवलंय म्हणून. सोडली की पोटात गेलं."

आजही कुणी तसं म्हणालं तर चार माणसांत तुम्हाला उत्तर देता यायचं नाही. साप उतरवणारा देवर्षी परगावी गेलेला होता. तो येईल, मंत्र घालील आणि त्याच्याच हातानं गाठ सुटेल, असं ठरलं.

तो दुसऱ्या दिवशीही आला नाही. हात सुजून मुसळासारखा झाला, मग गार पडला, मग निळा. मी रडून रडून सोडा म्हणत होते. आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्याही रडत होत्या. "लेकरासाठी सोस, गिरजे. एवढं सोस." आणि मी सोसलं. मग एकाएकी दुखायचं थांबलं. मला इतकं बरं वाटलं की मी भाकरी मागितली. तेच वाईट होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. देवर्षी आला तेव्हा हात काळा पडला होता. त्यानं गाठीला बोटसुद्धा लावलं नाही. "मोमिनाबादला न्या," एवढं म्हणाला आणि पारावरून खाली उतरला.

मोमिनाबाद

बैलगाडीतून मला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर साहेबांनी आधी कात्रीनं दोर कापला. मग मनगटावरच्या खुणा भिंग लावून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि उर्दूत काहीतरी विचारलं. कंपाउंडर आमच्या बाजूचा होता. तो म्हणाला, "साहेब विचारतात, ही गाठ कोणी बांधली?"

मालक खाली बघायला लागले. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी मीच म्हणाले, "घरच्यांनी."

साहेब बराच वेळ बोलले. कंपाउंडरनं ते चार शब्दांत सांगितलं. "साप बिनइखारी व्हता. ह्या दातांच्या बारीक ओळी हायत्या, इखारी सापाचे दात असे उमटत न्हाईत. सापानं काय केलं न्हाई. हात गाठीनं मेला. आता काढावा लागंल, न्हाईतर बाई बी जाईल अन् लेकरू बी."

आपला आजार काय आहे हे कळण्याचा दिवस प्रत्येक आजाऱ्याला येतो. माझ्या वाट्याला तो असा आला, की आजार कधी नव्हताच. मला हसावं की रडावं ते समजेना. मी आत्याबाईंकडे पाहिलं, तर त्या तिथं नव्हत्या. त्या बाहेर निघून गेल्या होत्या, आणि मी त्या दवाखान्यात होते तोवर पुन्हा आत आल्या नाहीत. बाहेर लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून राहिल्या. भाकरी करायच्या आणि मालकांच्या हाती पाठवायच्या. भाकरी फडक्यात नुसती गुंडाळलेली असायची, बांधलेली नसायची. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

हात जाण्याची भीती मला वाटली नाही, कारण तो आधीच माझा राहिला नव्हता. भीती वाटली ती बेशुद्धीच्या औषधाची. मला निजवलं की पोटातलं लेकरूही निजणार. मी उठेन, ते उठलंच नाही तर? हे कुणाला विचारावं? साहेबांना विचारायची सोय नव्हती, मालकांना विचारून उपयोग नव्हता. तिथं हुसेनबी नावाची आया होती, पान खाऊन दात लाल झालेली, तोंडानं फटकळ. मी शुद्धीवर आले तेव्हा ती जवळ होती. मी काही बोलायच्या आत तिनं माझा डावा हात धरला आणि माझ्याच पोटावर ठेवला. "रोती कायकू? देख, लातां मारतै. तेरेसे पहले जागा ये."

दवाखान्याचे दिवस सगळे सारखेच. सकाळी झाडू, औषधाच्या पाण्याचा उग्र वास, मग मलमपट्टी. पट्टी सोडताना जीव डोळ्यांत यायचा. मग दिवसभर भिंतीवरचं ऊन सरकताना बघायचं. माझ्या शेजारच्या खाटेवर भाजलेली एक म्हातारी होती, ती दिवसभर शिव्या द्यायची, आणि खरं सांगते, तिच्या शिव्यांनी मला करमायचं. संध्याकाळी हुसेनबी माझी वेणी घालायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि एका हातानं वेणी घालता येत नाही हे तिला माझ्याआधी कळलं. तिच्याइतकी घट्ट वेणी मला माझ्या आईनंही घातली नव्हती. आई मी लहान असतानाच गेली होती.

ओटीत घालायचं

घरी आले तर हात होता. म्हणजे दिसायला नव्हता, पण मला होता. बोटं खाजायची, मूठ वळायची, कधी तळव्याला काटा रुतल्यासारखं व्हायचं. तांब्या घ्यायला तोच हात आधी निघायचा आणि तांब्या जागेवरच राहायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. लोक थोटी म्हणतच होते, वर वेडी कशाला म्हणवून घ्यायचं?

मालकांनी गोफणीचा उरलेला तुकडा चुलीत घातला. नवी केली नाही. त्यानंतर जन्मभर मेंढरं हातानं धोंडे मारून वळवली. त्यांचं दुःख तेवढंच दिसलं.

काशीबाई माझं सारं करत. लुगड्याच्या निऱ्या घालून देत, भाकरी मोडून ताटलीत ठेवत. आत्याबाई माझ्याशी बोलत, पण खांद्यावरून पलीकडे बघून. एकदा ओसरीत मी लसूण सोलत बसले होते, दातांनी पाकळी धरून. आत्याबाई समोर येऊन बसल्या आणि जात्याकडे बघत म्हणाल्या, "लेकरू झालं की काशीच्या ओटीत घालू. बारशाला पाळण्यावरनं तीच घील अन् तिच्यापाशीच ऱ्हाईल. तू दूध पाज. पाजायला काय हात लागत न्हाई."

माझ्या तोंडात लसूण होता, मी तो गिळला. म्हणाले, "कावून?"

"तुला उचलाया यायचं न्हाई म्हणून. पडलं झडलं तर? एकदा झालंय तेवढं लई झालं."

मालक दारातच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आई म्हंती त्यात काय वंगाळ न्हाई," आणि मेंढरांकडे गेले.

आत्याबाईंना दुष्ट म्हणू नका. काशीबाईंची कूस रिकामी, माझा हात रिकामा, आणि लेकरू एक. त्यांनी त्यांच्या परीनं हिशेब बसवला होता. पण मला त्यांचा इतका राग आला की लसणाची परडी मी पायानं उडवली. हात गेला तो लेकरासाठी सोसून गेला. आता लेकरू जाणार ते हात नाही म्हणून. मग मी सोसलं कशाला? हे मी त्यांना तोंडावर बोलले. त्या पाकळ्या वेचत बसल्या.

घरंगळली

मंजुळा झाली तेव्हा मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. धडधाकट आहे, दहा बोटं आहेत, हेच सगळे मोजत होते. मीही मोजली. मंजुळा आत्ता विचारते, "हे लिहू का?" लिही, म्हणते मी. तुझी बोटं मी तुझ्या आधी मोजली आहेत.

दूध उतरलं त्या दिवसाची गोष्ट. ती बाजेवर माझ्या शेजारी होती. रडली. मी तिला घ्यायला वळले आणि उजवा हात पुढे गेला. नसलेला. त्या हातानं मी तिला उचललं, मला ती उचललेली कळली, तिचं वजनही कळलं, आणि त्याच भरवशावर मी डाव्या हातानं तिच्याखालचं फडकं ओढलं. ती घरंगळली. बाज बुटकी होती आणि खाली गोधड्या पसरलेल्या, म्हणून निभावलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण आत्याबाई दारात उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मंजुळाला उचललं, काशीबाईंच्या हाती दिलं आणि मला म्हणाल्या, "बगितलंस ना? आता तरी हट्ट सोड." मी भिंतीकडे तोंड करून निजले. त्या क्षणी मलाही वाटलं, त्यांचंच खरं आहे.

सखू, तुलाही असं वाटेल. एकदा तरी वाटेल. ज्या बाईला दोन हात आहेत तिच्याही हातून लेकरू निसटतं, पण तिला कुणी ओटीत घाल म्हणत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा सुचली. तुला आधीच सांगून ठेवते.

वरवंटा

माझी खरी अडचण काय होती ते सांगते. पाजायला हात लागत नाही, आत्याबाई म्हणाल्या ते खरंच होतं. न्हाऊ घालायला आपल्याकडे लेकरू पायांवर घेतात, तिथंही एक हात पुरतो. पालथं करायला थोट कामाला येतं. अडचण एकच होती. जमिनीवरून उठायचं कसं? बाळंतीण जमिनीवर बसते. उठताना एक हात भुईला टेकावा लागतो, मग लेकराला धरायला काय राहतं?

आमच्याकडे एक भुरी मांजर होती. तिनं त्याच सुमारास कणगीमागं पिल्लं घातली होती आणि मांजरीच्या रीतीप्रमाणे ती त्यांना सात घरं फिरवत होती. पिल्लाची मान दातांत धरायची आणि उतरंडीवरून उडी मारायची. मी पडल्या पडल्या बघत होते. तिला तर एकही हात नव्हता.

बारशाला पाळण्याखालून-वरून आधी वरवंटा फिरवतात, मग लेकरू. त्यासाठी पाट्यावरचा वरवंटा धुऊन माझ्याच खोलीत आणून ठेवला होता. मी तो जुन्या मऊ लुगड्याच्या धडप्यात घेतला. फडक्याची टोकं वर आणून दातांनी आणि डाव्या हातानं गाठ मारली. गाठ दातांत धरली, डावा हात भुईला टेकला आणि उठायला गेले. वरवंटा माझ्या गुडघ्यावर आपटला. असा की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मंजुळाच्या जागी तो होता म्हणून मी देवाचे आभार मानले.

मग घरात कुणी नसलं की मी तेच करत बसायची. मान आखडली, दातांतून कळा निघाल्या. वरवंटा मंजुळाहून जड होता, ते बरंच झालं. हळूहळू युक्ती कळली. मान ताठ धरायची नाही, हनुवटी छातीशी घ्यायची आणि ओझं दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरून उठायचं, म्हणजे दातांवर भार थोडाच वेळ येतो. उभं राहिलं की हात मोकळा होतो, मग त्या हातानं छातीशी धरायचं. उजवा हात मध्ये यायचा, नसलेला. त्याला मी मनातल्या मनात दटावायची, तू बस.

एकदा मी अशीच तोंडात वरवंटा घेऊन उभी आणि काशीबाई आत आल्या. मी थिजले. त्यांनी बघितलं, आधी हसू फुटलं त्यांना, पदर तोंडाला लावून हसल्या. मग तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"गिरजे, मला लेकरू पायजे," त्या म्हणाल्या. "खोटं कावून बोलू? तिला घेतलं की मला सोडवत न्हाई."

मी वरवंटा खाली ठेवला. म्हणाले, "मला ठावं हाय, बाई."

"पर असं आईच्या दातातनं वढून घेतलेलं माझ्या अंगी लागंल का?" मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी दारात बसते. आत्याबाई आल्या की खाकरते. तू कर."

त्या दारात बसल्या. दोनदा खाकरल्या, दोन्ही वेळा खोटंच, मला घाबरवायला. दुसऱ्या वेळी मी वरवंटा पायावर पाडून घेतला आणि आम्ही दोघी हसलो. हात गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. काशीबाईंना पुढेही मूल झालं नाही. मंजुळा त्यांना मोठीआई म्हणायची, रात्री त्यांच्या कुशीत निजायची आणि सकाळी दोघी मिळून मला चिडवायच्या.

सखूला चार गोष्टी

सखू, तुझा हात वाळला आहे पण जागेवर आहे. त्याचा उपयोग कर. लेकरू घरंगळू नये म्हणून तो आडवा ठेवता येईल, उशीसारखा. अंगडी पुढून उघडी शिव, बंद कमी लाव. लेकराला जमिनीवर ठेवून पाज, मांडीवर घ्यायची घाई करू नकोस. न्हाऊ घालताना लुगड्याला पाणी लागलं तर लागू दे. आणि कुणी मदतीला आलं तर घे. पहिल्यांदा मी कुणाला हात लावू द्यायची नाही, मला वाटायचं मदत घेतली की लेकरू गेलं. तसं नसतं. मदत घेणारीचं लेकरू वेगळं आणि देऊन टाकणारीचं वेगळं.

आधी कुठल्या तरी जड वस्तूवर सवय कर. वरवंटा नको, गुडघे फुटतात. ज्वारीची पिशवी घे.

तुझ्या सासूनं जे विचारलं त्याचं उत्तर अजून राहिलं आहे. ते बारशाचं सांगितल्याशिवाय देता येत नाही.

बारसं

बारशाला वस्तीवरच्या बायका जमल्या. आत्याबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की लेकरू काशी घेणार. त्यामुळे बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, किंवा फार बघत होत्या. पाळण्याच्या एका बाजूला काशीबाई बसल्या. दुसऱ्या बाजूला, आईच्या जागी, आत्याबाईंनी शेजारच्या एका बाईला बसायला सांगितलं. मी म्हणाले, "तिथं मी बसती. लेकरू मी दीन."

आत्याबाई म्हणाल्या, "गिरजे, चार मान्सांत तमाशा नगं."

"तमाशा न्हाई. आईच देत असती. मी देते, काशीबाई परत माझ्याकडं देत्याल, अन् मी घिऊन उठीन."

वरवंटा आधी फिरला. त्याला कुंची घातली होती, काजळ लावलं होतं. त्याच्याकडे बघून काशीबाई ओठ दाबून हसल्या, मलाही हसू आलं, आणि त्यानं थोडं बळ आलं. कुणी गोविंद घ्या म्हणत मी मंजुळाला पाळण्याखालून सरकवलं. काशीबाईंनी घेतलं, कुणी गोपाळ घ्या म्हणाल्या. त्यांनी तिला छातीशी धरलं. जरा जास्तच वेळ धरलं. मग पाळण्यावरून माझ्या मांडीवर ठेवलं आणि हात मागे घेतले.

आता उठायचं होतं. मी खालच्या कापडाची टोकं वर घेतली, एक दातांत, एक हातात, आणि गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मी सारी सवय जुन्या धडप्यावर केली होती. बारशाचं म्हणून कापड नवं होतं, कोरं, खळीचं. ते दातांत धरवत नव्हतं आणि गाठीत बसत नव्हतं. मंजुळा रडायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "आगं बया, लेकराला तोंडात धरती का काय ही? मांजरीवाणी?"

मी मान वर केली नाही. वर केली असती तर रडले असते. कोऱ्या कापडाची टोकं तेवढी दिसत होती, आणि मग त्या टोकांवर दोन हात आले. सुरकुतलेले, उजव्या अंगठ्याला विळ्याची जुनी खूण. आत्याबाई माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या.

माझ्या हाताला दोर आवळला त्या दिवसापासून त्यांनी कशालाच गाठ मारली नव्हती. हे मला तिथं, त्यांचे हात बघताना कळलं. भाकरीचं फडकं उघडं का यायचं, कडब्याच्या पेंढ्या त्या दुसऱ्याला का बांधायला लावायच्या, चोळीची गाठसुद्धा काशीबाईंकडून का मारून घ्यायच्या, हे सगळं मी बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्या मागच्या बाईला त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं. "मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत न्हाईत." मग कापडाची टोकं एकमेकांवर घेतली. एकदा थांबल्या, लुगड्याला हात पुसले, पुन्हा टोकं घेतली. गाठ मारली, खालून हात घालून लेकराला हवा लागते का बघितलं, गाठ थोडी सैल केली आणि माझ्या तोंडापुढे धरली. मी ती दातांत घेतली.

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "लई आवळली न्हाई ना गं?"

माझ्या तोंडात गाठ होती, बोलता येत नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं, डावा हात भुईला टेकला आणि उठले.